विद्यार्थ्याचा पैसा आणि मामा तलावाचे पाणी



भंडारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाच्या वर्षात जुलै महिन्याइतका कठीण महिना दुसरा नाही. मृगाच्या सरींवर टाकलेले पऱ्हे तोवर रोवणीला आलेले असतात, बांध्यांत चिखलणी सुरू झालेली असते, रोवणीच्या मजुरांचा हिशेब रोजच्या रोज चुकता करावा लागतो आणि खताच्या गोण्या आणाव्या लागतात. नेमक्या याच दिवसांत बारावी उत्तीर्ण झालेला मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा कागद वडिलांपुढे ठेवते. शुल्क, वसतिगृहाची अनामत, खोलीचे आगाऊ भाडे, पुस्तके, नागपूरला जाण्यायेण्याचा खर्च, हे सारे त्या एका महिन्यात. घरात पैसा मात्र येणार असतो कार्तिक-मार्गशीर्षात, धान कापून, चुरून, खरेदी केंद्रावर मोजून दिल्यानंतर. चुकारे लांबले तर त्याहूनही पुढे.

विद्यार्थ्याने पैशाचा व्यवहार कसा सांभाळावा या विषयावर जे उपदेशपर लिहिले व बोलले जाते, ते बहुधा महानगरातील नोकरदार कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून. त्या घरात महिन्याच्या पहिल्या तारखेस वेतन जमा होते, त्यातील ठरावीक रक्कम मुलाच्या हाती पडते, आणि त्या रकमेत महिना काढणे एवढाच प्रश्न उरतो. लाखांदूर, साकोली, मोहाडी या तालुक्यांतील घरांना हा हिशेब लागू पडत नाही. येथे उत्पन्न वर्षातून एकदा, उन्हाळी धान होत असेल तर दोनदा येते. खर्च मात्र दर महिन्याला, किंबहुना दररोज होतो. पैसा थोडा आहे ही अडचण खरीच आहे. परंतु पैसा एका वेळी येतो आणि लागतो दुसऱ्याच वेळी, ही त्याहून वेगळी अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वर्षभराचा एकूण खर्च पेलणे अशक्य होते म्हणून शिक्षण सुटले, अशी उदाहरणे आहेत. पण वर्षाचा खर्च कसाबसा पेलला असता, केवळ जुलैत किंवा परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात चार-पाच हजार रुपये हाताशी नव्हते म्हणून वर्ष वाया गेले, अशी उदाहरणेही गावोगावी सापडतात. चार-पाच हजारांपायी आयुष्यातील एक वर्ष जाणे ही साधी हानी नव्हे.

या अडचणीवरचा तोडगा या जिल्ह्याच्या पूर्वजांनी पाण्याच्या बाबतीत कित्येक शतकांपूर्वीच शोधून ठेवला आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या भूमीत तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे झाले. त्याचे संक्षिप्त रूप मा. मा. तलाव, आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. नाते मोठे गोड जुळले आहे. या तलावांमागचा विचार साधा होता. पाऊस चार महिने पडतो, तोही लहरीने. धानाला मात्र निसवण्याच्या वेळी पाणी हवे असते, आणि तेव्हा पाऊस परतलेला असतो. म्हणून आले ते पाणी पाळीमागे अडवायचे आणि गरजेच्या दिवशी तुडूम उघडून, पाळीपाळीने, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सोडायचे. तुडूम उघडण्याचा अधिकार प्रत्येकाच्या हाती नसे. त्यासाठी पाणकर नेमलेला असे, आणि ज्याला पाणी हवे त्याने त्याला विचारूनच घ्यावे, अशी रीत होती. भरलेला तलाव पाहून कोणी तुडूम सताड उघडले असते, तर आश्विनात अख्ख्या गावाचे धान वाळले असते.

विद्यार्थ्याच्या खात्यात शिष्यवृत्तीची किंवा निर्वाह भत्त्याची रक्कम एकदम जमा होते, तेव्हा तलाव भरलेला असतो. धानाचे चुकारे आल्यावर वडील एकदम दहा-पंधरा हजार पाठवितात, तेव्हाही तेच. त्या दिवशी तुडूम कोणाच्या हाती आहे, यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात.

यासाठी एक सोपी व्यवस्था करता येते. विद्यार्थ्याने दोन बचत खाती ठेवावीत. एक तलावाचे, दुसरे बांधीचे. शिष्यवृत्ती आणि घरून आलेली एकरकमी मदत पहिल्या खात्यात जमा व्हावी आणि त्या खात्याला मोबाईलवरून पैसे देण्याची सोय, म्हणजे यूपीआय, जोडूच नये. दर महिन्याच्या एक तारखेस त्यातून ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात वळवावी आणि मोबाईल फक्त त्या दुसऱ्या खात्याला जोडावा. किमान शिल्लक ठेवावी न लागणारे मूलभूत बचत खाते बँकांत मिळते, तेव्हा दुसऱ्या खात्याचा भार पडत नाही. येथे एक दक्षता मात्र आवश्यक आहे. शासनाची थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि दोन बँकांत आधार जोडले असल्यास शेवटी जोडलेल्या बँकेकडे ती वळते. नवीन खाते उघडताना बँकेने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही करणाऱ्या मुलांची शिष्यवृत्ती अशाने भलत्याच खात्यात जाते आणि ते महाविद्यालयाच्या खिडकीवर चकरा मारीत राहतात. लाभ कोणत्या खात्यात घ्यायचा आहे हे बँकेत स्पष्ट सांगावे.

आता दरमहा किती वळवायचे, हा प्रश्न. त्यासाठी कौटिल्याकडे पाहावे. त्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या हिशेबाचे तीन शब्द येतात: आय, व्यय आणि नीवी. आय म्हणजे जमा, व्यय म्हणजे खर्च हे सर्वांना ठाऊक असते. नीवी म्हणजे शिल्लक. तिला स्वतंत्र नाव दिले आहे, यातच तिचे महत्त्व आले. सामान्यतः खर्च करून उरले तर ती शिल्लक, असे मानले जाते. शेतकऱ्याच्या घरात मात्र असे नसते. बियाण्याचे धान तो आधी बाजूला काढतो, आणि घरात कितीही ओढ असली तरी त्या धानाला हात लागत नाही. विद्यार्थ्याचे बियाणे कोणते? पुढील सत्राचे शुल्क, परीक्षेचा अर्ज, आजारपणात दवाखान्यात जाण्यापुरती रक्कम आणि अचानक घरी जावे लागल्यास तिकिटाचे पैसे. ही नीवी आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेला महिन्यांनी भागावे. बहुतेक जण उलट करतात, म्हणूनच मार्च महिना त्यांना वैऱ्यासारखा वाटतो.

खर्चाचे प्रमाण कसे असावे याचा एक नमुना शासनाच्याच योजनेत सापडतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तिची वार्षिक रक्कम ६०,००० रुपये ठरली. तिची विभागणी अशी: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि अन्य निर्वाहासाठी ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर महिन्याला भोजनास ३,२००, निवासास २,००० आणि बाकी सर्व गोष्टींस ८०० रुपये होतात. मेसचे व खोलीचे भाव त्यानंतर वाढले आहेत, तेव्हा आकड्यांपेक्षा प्रमाणाकडे पाहावे. शंभर रुपयांतील निम्म्याहून अधिक अन्नावर, एकतृतीयांश निवाऱ्यावर आणि जेमतेम तेरा रुपये इतर सर्व गोष्टींवर. अन्नावर काटकसर करून ते पैसे इतरत्र वळविण्याची सवय वसतिगृहांत पुष्कळ आढळते. सकाळचा नाश्ता सोडायचा आणि रात्री बाहेर चाटच्या गाडीवर जायचे, ही काटकसर नव्हे. अन्नाचे पैसे अन्नालाच लागले पाहिजेत.

आणि हे सर्व लिहिले गेले पाहिजे. मराठी माणसाला हिशेब लिहिणे काही नवे नाही. रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द मराठेशाहीच्या दप्तरातून आजवर चालत आले आहेत. आजचे विद्यार्थी म्हणतात, मोबाईलमध्ये सर्व नोंद आपोआप राहते, मग वही कशाला? नोंद राहते हे खरे, पण ती कोणी पाहत नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि दहा रुपयांचा चहाही चिन्हाकडे मोबाईल धरून घेता येऊ लागला. सोय मोठी आहे, तिचा अभिमानही योग्यच आहे. पण नोट मोडताना मनाला जो बारीकसा चिमटा बसत असे, तो नाहीसा झाला. रात्री झोपण्यापूर्वी वहीत चार ओळी हाताने लिहिल्या की तो चिमटा परत मिळतो. दहा पानांची शाळकरी वही त्यासाठी पुरते.

नागपूरला राहावे की रोज जाऊन-येऊन करावे, हा भंडारा आणि तुमसरकडच्या घरांतला नेहमीचा वाद. भंडारा-नागपूर अंतर सुमारे ६० किलोमीटर. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून सकाळी पासधारकांची गर्दी रोज दिसते. एस.टी.चा विद्यार्थी पास काढल्यास भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे एकतृतीयांशच भरावे लागते. कागदावर प्रवास नक्कीच स्वस्त पडतो. परंतु या हिशेबात रोजचे चार तास धरले जात नाहीत. कला शाखेच्या विद्यार्थ्याला गाडीत बसून वाचन करता येईल. प्रयोगशाळेत सायंकाळपर्यंत थांबावे लागणाऱ्याला ते जमणार नाही. पहिले वर्ष प्रवास करावा आणि अभ्यासक्रम कठीण होईल त्या वर्षी खोली घ्यावी, असा मधला मार्ग काही कुटुंबे काढतात, आणि तो शहाणपणाचा आहे.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार होते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात, पाहुण्यांनी घरे भरून जातात. नागपूरहून आलेला विद्यार्थीही मित्रांसह गावाच्या मंडईत फिरतो आणि महिन्याचे आठशे रुपये दोन दिवसांत संपतात. विद्यार्थ्याने मंडईला जाऊच नये असे म्हणणारा माणूस झाडीपट्टीचा नव्हे. मात्र मंडई दरवर्षी येते आणि तिची वेळ आधीपासून ठाऊक असते. जो खर्च ठाऊक आहे, त्याची तरतूद ऑगस्टपासून महिन्याला शंभर रुपयांप्रमाणे होऊ शकते.

खरी गळती होते ती हप्त्यांवरच्या मोबाईलमध्ये. अठरा हजारांचा मोबाईल 'बिनव्याजी' बारा हप्त्यांत घेतला की दरमहा दीड हजार रुपये बांधले जातात. वर सांगितलेल्या हिशेबात भोजनाचे ३,२०० आहेत. त्याच्या जवळजवळ निम्मी ही रक्कम झाली. शिवाय बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे. प्रक्रिया शुल्क लागते, रोखीची सूट जाते आणि हप्ता चुकला तर दंड बसतो. हप्ता चुकू नये म्हणून मग मोबाईलवरील कर्जाच्या ॲपकडे वळणे होते. येथून घसरण सुरू होते. पाच हजारांचे कर्ज म्हणून हाती साडेतीन-चार हजार ठेवायचे, आठवड्याभरात पूर्ण पाच हजार मागायचे, आणि न दिल्यास मोबाईलमधील ओळखीच्यांना दूरध्वनी करून विद्यार्थ्याची अब्रू काढायची, अशा धंद्याने देशभरात अनेकांचा बळी घेतला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आली पाहिजे, एकूण खर्च सांगणारे माहितीपत्रक आधी दिले पाहिजे आणि विचार बदलल्यास ठरावीक मुदतीत कर्ज परत करण्याची मुभा असली पाहिजे, असे त्यांत आहे. जे ॲप कोणत्या बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या वतीने कर्ज देते हे सांगत नाही, त्याला छायाचित्र, आधार, संपर्कयादी काहीही देऊ नये. फसवणूक झालीच तर ती लपवून दुसरे कर्ज काढण्यापेक्षा १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि त्याच दिवशी घरी सांगावे. वडील रागावतील, पण सावकारासारखा त्यांच्या रागाचा पुढच्या महिन्यात हप्ता पडत नाही.

पैसे लावून खेळायच्या मोबाईलवरील खेळांबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तरीही आडमार्गाने कोणी ते पुढे केले, तर जुगाराला धर्मराजही पुरा पडला नाही एवढे ध्यानात असू द्यावे.

शिष्यवृत्ती हा विद्यार्थ्याच्या हिशेबातील सर्वांत मोठा 'आय', आणि सर्वांत दुर्लक्षित. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, या योजनांची नावे ऐकलेली असतात. अर्ज राहतो तो कागदासाठी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, अधिवास, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, हे सारे जुलैत गोळा करायला निघालेल्या विद्यार्थ्याला तहसील कार्यालयाबाहेर रांगेत अर्धा गाव भेटतो. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्ये निघू शकतो. तेव्हा शेतीची कामेही कमी असतात. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज केला म्हणजे काम झाले असेही नाही. तो महाविद्यालयाकडून पुढे गेला की त्रुटीसाठी परत आला, हे पंधरा दिवसांनी एकदा पाहावे लागते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज न भरल्याने शिष्यवृत्ती बंद पडलेले विद्यार्थी कमी नाहीत.

याच संदर्भात एक सापळा सांगितला पाहिजे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा अलीकडे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यात निर्वाह भत्ता असतो तसेच महाविद्यालयाचे शुल्कही असते, आणि ते शुल्क विद्यार्थ्याने महाविद्यालयात नेऊन भरायचे असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते. घरी रोवणी चालू असेल तर ती तिकडे वळते, किंवा मोबाईल येतो. वर्षाअखेरीस महाविद्यालय शुल्क मागते तेव्हा हातात काही नसते. जमा झालेल्या रकमेतील आपली किती आणि महाविद्यालयाची किती, हे लिपिकाकडून लिहून घ्यावे आणि शुल्क त्याच आठवड्यात भरून पावती घ्यावी. ही रक्कम समाजाने करातून दिलेली आहे. ती एका विशिष्ट कामासाठी दिलेली ठेव आहे.

विद्यार्थिदशेतील पैशाची चणचण थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. तुमसरहून जवळ असलेल्या रामटेकला १९०६ मध्ये जन्मलेले माधव सदाशिव गोळवलकर काशी हिंदू विश्वविद्यालयातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मत्स्यजीवनाच्या संशोधनासाठी मद्रासला गेले. शिक्षक असलेले वडील निवृत्त झाले, पैसे पाठविणे त्यांना शक्य राहिले नाही, आणि संशोधन अर्धवट सोडून त्यांना नागपूरला परतावे लागले. पुढे काशीला अध्यापक झाल्यावर आपल्या वेतनातील वाटा ते गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्कावर व पुस्तकांवर खर्च करीत. श्रीगुरुजींच्या चरित्रातील हा प्रसंग अनेकदा त्यांच्या औदार्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. त्यामागे मद्रासचा तो अनुभव असावा, हे सहसा कोणी बोलत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन तर या विषयाचा पाठच आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार झाला. त्या रकमेतूनच ते घरी पैसे पाठवीत आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ घेत. लंडनमधील अभ्यास चालू असताना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. पुढे जे झाले ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, वेतनातून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेतले आणि उरलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले. तेथे अर्धपोटी राहून, भाडे वाचविण्यासाठी पायी चालून त्यांनी डी.एस्सी. मिळविली. त्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, आणि तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एकेक पौंड मोजीत राहिलेल्या विद्यार्थ्याने देशाच्या चलनाचा हिशेब मांडला. १९५४ मध्ये त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढविली होती, आणि त्या वेळी या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही, याचीही आठवण असावी.

बाबासाहेबांनी कर्ज घेतले, पण ते निश्चित कामासाठी, निश्चित काळासाठी आणि फेडण्याची वाट डोळ्यांपुढे ठेवून. शैक्षणिक कर्जाचा विचार याच कसोटीवर व्हावा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. पालकांचा गैरसमज असा की, तोवर व्याजही लागत नाही. एक आकडेमोड करून पाहावी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख रुपये, दहा टक्के सरळ व्याजाने घेतले. परतफेड चार वर्षांनी सुरू होईल तेव्हा पहिल्या लाखावर चाळीस हजार, दुसऱ्यावर तीस हजार आणि तिसऱ्यावर वीस हजार, असे नव्वद हजार व्याज झालेले असते. तीन लाखांचे कर्ज हप्ते सुरू होण्यापूर्वीच तीन लाख नव्वद हजार होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी या काळातील व्याज भरण्याची केंद्राची योजना २००९ पासून आहे. तिचा अर्ज बँकेत आग्रहाने मागावा लागतो. पीककर्जाचे पैसे मात्र शुल्कात घालू नयेत. ते मार्चअखेर फेडायचे असतात आणि वेळ चुकली की व्याजाची सवलत जाते. मुलाचे शिक्षण सुरू राहते, पण पुढच्या हंगामात बापाची पत संपते.

शिकताना कमावणे हा या महाराष्ट्राचा जुना मार्ग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते 'कमवा आणि शिका' या पायावर. भंडाऱ्याची मुलेही उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या तोडाईला, रोवणीत मजुरीला जातात, नागपुरात रात्री दुकानांत उभी राहतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सुटीतील काम आणि सत्र चालू असतानाचे काम यांत मात्र फरक करावा. मध्यरात्रीपर्यंत घरोघरी डबे पोहोचवून सकाळच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी कमावतो, शिकत नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा काढून सांगावा लागतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने माफ केले आहे. निवासाचा आणि भोजनाचा खर्च मात्र राहतोच. ओढीच्या वर्षी घरात दोघांपैकी एकालाच शिकविणे परवडेल अशी वेळ आली की 'तिचे तर शुल्कच नाही' हे विसरले जाते आणि गाडी मुलाच्या बाजूने वळते. हिशेब न मांडताच घेतलेला हा निर्णय असतो. मांडला तर अनेकदा मुलीचे शिक्षण अधिक स्वस्त निघेल. म्हणूनच घरातील पैशाची खरी स्थिती मुलांपासून लपवू नये. धान किती क्विंटल झाले, सोसायटीचे किती द्यायचे, चुकारे कधी येणार, हे अठरा वर्षांच्या मुलामुलींना कळू द्यावे. जी मुले हे जाणतात ती मागताना विचार करतात, आणि शिष्यवृत्तीचा अर्जही वेळेवर भरतात.

राहिला जुलै. दोन खाती, वही, दाखले, हे सारे केले तरी पहिल्या वर्षीचा पहिला जुलै कोरडाच येतो, कारण तोवर तलावात पाणीच साठलेले नसते. तो एकट्या विद्यार्थ्याने निभावून नेण्याचा भाग नाही. तलावही कोणी एकट्याने राखला नाही. या जिल्ह्यात महिलांचे बचत गट गावोगावी आहेत, हिशेब ठेवणाऱ्या भगिनी आहेत, नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला गेलेले गावकरी आहेत. वीस घरांनी पाचशे रुपये दिले तर दहा हजार होतात. दोन विद्यार्थ्यांचा जुलै त्यात निघतो. रक्कम बिनव्याजी द्यावी, शक्यतो थेट महाविद्यालयात किंवा वसतिगृहात भरावी, आणि चुकारे अथवा शिष्यवृत्ती हाती आल्यावर परत घ्यावी, म्हणजे पुढच्या जुलैत ती दुसऱ्या दोघांच्या कामी येईल. घेणाऱ्याचे नाव सभेत वाचू नये. नोंद ठेवण्याचे काम गावातल्याच एखाद्या पदवीच्या विद्यार्थिनीकडे द्यावे. निधी गोळा करण्यास एप्रिल-मे बरा. तेव्हा उन्हाळी धानाची कापणी आणि तेंदूपत्त्याची मजुरी यांमुळे गावात थोडा पैसा फिरत असतो, आणि जुलैला दोन महिने अवकाश असतो.